काशीला निघताना: तीन रात्रींचा मुक्काम कसा आखावा

विदर्भातील गावांतून काशीला जाणारी मंडळी बहुधा दोन घोळक्यांत विभागलेली असतात. एक घोळका गंगास्नान, विश्वनाथाचे दर्शन आणि गयेचे पिंडदान उरकून परततो आणि गावात मावंदे घालतो, तर बौद्ध वस्तीतील घोळका बोधगया आणि सारनाथ करून येतो. दोघेही एकाच शहरात उतरतात, पण पहिल्याने सारनाथचा धमेक स्तूप पाहिलेला नसतो आणि दुसऱ्याने पंचगंगा घाट. दीड दिवसात काशी उरकण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. किमान तीन रात्रींचा मुक्काम धरावा आणि त्यातील एक अख्खा दिवस सारनाथसाठी राखून ठेवावा.

शेतीची कामे पाहता, सोयाबीन घरात आल्यानंतर आणि कापसाची वेचणी जोरात सुरू होण्यापूर्वीचे दिवस, किंवा हरभरा निघाल्यानंतरचे होळीच्या आसपासचे दिवस सोयीचे पडतात. पौषात तिकडे दाट धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास उशिराने धावतात, तर पावसाळ्यात घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जाऊन नावा बंद होतात. कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळीची प्रचंड गर्दी असते आणि खोल्यांचे दर चढतात. मात्र त्याच दिवशी सारनाथच्या मूलगंधकुटी विहारातील बुद्धधातू, म्हणजे बुद्धांचे अवशेष, दर्शनासाठी काढले जातात, त्यामुळे ज्यांना ते दर्शन हवे आहे त्यांनी गर्दी गृहीत धरूनच जावे.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते. नागपूरहून इटारसी आणि जबलपूरमार्गे जाणाऱ्या काही गाड्या वाराणसीत न जाता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला, म्हणजे जुन्या मोगलसरायला थांबतात आणि तेथून रिक्षाने गंगेचा पूल ओलांडावा लागतो. ‘वाराणसी’ आणि ‘बनारस’ ही दोन वेगळी स्थानके आहेत, हेही तिकीट काढताना लक्षात ठेवावे. पूर्वीच्या मडुवाडीह स्थानकाला २०२१ पासून बनारस म्हणतात. धर्मशाळा किंवा लॉज ठरवताना भाड्याच्याही आधी रिक्षा दारापासून किती अंतरावर थांबते, हे विचारावे, कारण गोदौलियाजवळच्या गल्ल्यांतून म्हाताऱ्या माणसांना वळकट्यांसह चालवणे फार जड जाते.

पहिल्या पहाटे अस्सी घाटावरून नाव करावी. भाडे माणशी आहे की संपूर्ण नावेचे, नाव परत आणून सोडणार की नाही आणि मंडळींना कोठे उतरवणार, या तिन्ही गोष्टी नावेत पाय ठेवण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात. सगळे घाट पश्चिम तीरावर असून त्यांचे तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे समोरच्या मोकळ्या रेतीवर सूर्य उगवला की ऊन थेट पायऱ्यांवर येते. वाटेत नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला भोसले घाट लागतो. नावाड्याला तेथे वेग कमी करायला सांगावे, कारण आपल्या माणसांनी इतक्या दूर उभारलेली ती उंच दगडी भिंत खालून, पाण्यातूनच नीट दिसते. मणिकर्णिकेवर प्रेते जळत असतात, तेथे फोटो काढू नयेत आणि लाकडांसाठी दान मागणाऱ्यांच्या हाती पैसे देऊ नयेत. पंचगंगा घाटावर उतरल्यास वर आलमगीर मशीद दिसते, आणि रामानंद व कबीर यांची भेट याच घाटावर झाल्याची कथा सांगितली जाते. एकनाथ महाराजांनी १५७३ मध्ये आपले भागवत काशीतच पूर्ण केले, तेव्हा वारकरी मंडळींना हे शहर परके नाही.

विश्वनाथाचे सध्याचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधले आणि शिखरावरील सोने महाराजा रणजितसिंहांनी दिले. डिसेंबर २०२१ मध्ये नवा परिसर खुला झाल्यापासून नदीच्या बाजूनेही थेट आत जाता येते. लागूनच ज्ञानवापी मशीद आहे. तिचा वाद न्यायालयात आहे आणि बंदोबस्त कडक असतो, म्हणून तेथे थांबून चर्चा करू नये. मोबाईल आत नेता येत नाही. आमच्या घोळक्याने सगळे फोन एकाच लॉकरमध्ये ठेवले, एक काकाजी दुसऱ्याच दाराने बाहेर पडले आणि लॉजचे नावही आठवेना म्हणून दोन तास गल्लीतल्या एका ओट्यावर बसून राहिले. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या खिशात लॉजच्या नावाची चिठ्ठी ठेवतो आणि फोन सोपवण्यापूर्वी भेटण्याची जागा सर्वांना प्रत्यक्ष दाखवतो.

सारनाथ शहरापासून सुमारे १० किलोमीटरवर आहे आणि तेथील संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून तो वार टाळावा. आधी संग्रहालय पाहावे. नोटेवर आणि शासकीय कागदावर रोज दिसणारे चार सिंह तेथे खऱ्या दगडात उभे आहेत आणि सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही त्या दगडाची झिलई काचेसारखी चमकते. मग उत्खननाच्या जागी जाऊन त्याच स्तंभाचा मोडलेला बुंधा पाहावा, म्हणजे वरचा भाग कोठे होता हे कळते. धमेक स्तूपाला उजवी घालून फिरताना दगडी पट्ट्यावरील वेलबुट्टी जवळून पाहावी. काही ठिकाणी नक्षी अर्धवट सोडलेली आहे. भिक्खूंचा पाठ चालू असेल तर मधून जाऊ नये. स्तूपाला खेटूनच श्रेयांसनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे, त्यामुळे कारंजा लाडकडच्या जैन कुटुंबांचीही येथेच सोय होते. पार्श्वनाथांचे जन्मस्थान मात्र शहरात भेलूपूरला आहे.

तिसऱ्या दिवशी सीर गोवर्धनपूर येथील संत रविदासांचे जन्मस्थान, कबीरांचा मठ असलेला कबीरचौरा आणि गुरू नानकांच्या आठवणीचा गुरुबाग गुरुद्वारा रिक्षाने आरामात होतात. गुरुद्वारात डोके झाकण्यासाठी रुमाल जवळ ठेवावा. माघ पौर्णिमेला, रविदास जयंतीच्या वेळी, सीर गोवर्धनपूरला पंजाबातून अफाट गर्दी लोटते, तेव्हा तो दिवस वगळावा.

मावंद्यासाठी लागणारी तांब्याची गंगाजळी विश्वनाथ गल्लीत मिळते. दुकानातच ती उलटी धरून पाहावी, कारण झाळ नीट बसलेली नसेल तर इटारसी येईपर्यंत ती अर्धी रिकामी होते आणि पिशवीतील नवी साडीही भिजते.