जुनं दोन इंजिनी टर्बोप्रॉप विमान: ओळखावं कसं, पावसाळ्यातून वाचवावं कसं

उघड्यावर उभं केलेलं विमान बहुतेक वेळा पाण्यामुळे संपतं. उन्हानं रंग उडतो, काचा पिवळ्या पडतात, पण ते डोळ्यांना दिसतं. पत्र्याच्या दुमडीत शिरून अडकलेलं पाणी दिसत नाही आणि चार-पाच पावसाळ्यांत आतला सांगाडाच पोखरतं. खानापूर, बेळगावच्या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत विमान नीट वाळतच नाही. त्यामुळे कॉलेजच्या आवारात किंवा चौकात विमान सांभाळायचं ठरवलं असेल, तर रंगाच्या डब्याआधी पाण्याच्या वाटांचा विचार करा.

त्याच्याही आधी विमान नेमकं कोणतं ते ठरवा. जॅक कुठे लावायचा, दाबाच्या बाटल्या कुठे आहेत, कोणता भाग मॅग्नेशियमचा आहे, हे सगळं मॉडेलवर अवलंबून असतं.

सुरुवात इंजिनापासून करा. डाकोटालाही दोन इंजिनं असतात, पण ती पिस्टनची. त्यांची तोंडं रुंद आणि गोल. टर्बोप्रॉपचं, म्हणजे टर्बाइननं पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या इंजिनाचं, आवरण निमुळतं असतं आणि त्यातून जाड धुराडं निघतं. रोल्स-रॉइस डार्ट इंजिनात हवा पंख्याच्या टोपीमागच्या गोल कड्यातून आत जाते. पीटी-६ या इंजिनात उलट: हवा मागून आत शिरते, म्हणून धुराड्याची नळकांडी पंख्याच्या लगेच मागे दोन्ही बाजूंना दिसतात. पंख्याची पातीही बरंच सांगतात. पीटी-६ बंद झालं की पाती कडेवर वळून राहतात, समोरून बारीक दिसतात. डार्ट किंवा डॉर्नियर विमानातलं टीपीई-३३१ इंजिन नेहमीसारखं बंद केलं तर पाती सपाट राहतात, समोरून रुंद दिसतात. मात्र ठेवणीतल्या विमानात पाती कुणी हातानं फिरवलेली असू शकतात, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका.

मग पंख पाहा. आपल्याकडे जुन्यात सापडण्याची शक्यता सर्वात जास्त ती अ‍ॅव्हरोची, म्हणजे एचएस-७४८ ची. तिचं पहिलं उड्डाण १९६० साली इंग्लंडात झालं आणि १९६१ मध्ये कानपूरला बनलेली पहिली अ‍ॅव्हरो उडाली. पंख खाली, टोकाकडे ठळक वर उचललेले. इंजिनं पंखाच्या वरच्या अंगाला, आणि मुख्य चाकं पुढच्या दिशेनं आवरणात मिटणारी. हवाई दलाच्या नंतरच्या काही अ‍ॅव्हरोंना मागच्या बाजूला मालासाठी मोठं दार आहे. फोकर एफ-२७ फ्रेंडशिपलाही डार्टच, पण तिचे पंख वर आणि चाकं मागे मिटतात. एएन-३२ चेही पंख वरच, मात्र इंजिनं त्या पंखाच्याही वर चढवलेली. एकदा पाहिलं की चुकत नाही. डॉर्नियर २२८ चौकोनी अंगाचं, लहान, जेमतेम १७ मीटर पंखांचं. बेळगावजवळ सांबऱ्याला उतरणारं एटीआर-७२ त्यांच्यापेक्षा नवं आहे: शेपटी इंग्रजी टी अक्षरासारखी, चाकं पोटाच्या फुगीर भागात. सांबऱ्याला विमानतळाशेजारी हवाई दलाचं केंद्र आहे. सरावासाठी तिथे कुंपणावरून फोटो काढू नका.

कारवारच्या किनाऱ्यावरचं टीयू-१४२ टर्बोप्रॉपच आहे, पण चार इंजिनांचं. चोर्ला घाट उतरून वास्कोच्या नौदल संग्रहालयात गेलात तर तिथलं अलिझे एका इंजिनाचं. समुद्राची खारी हवा सांध्यांवर काय परिणाम करते, हे पाहण्यासाठी मात्र दोन्ही ठिकाणी जरूर जा.

अखेरचा शिक्कामोर्तब धातूच्या पाटीवरून होतो. ती सहसा दाराच्या चौकटीजवळ किंवा कॉकपिटमध्ये असते. फोटो घ्या, आकडे उतरवा, पण पाटी काढू नका आणि तिच्यावर रंगही मारू नका.

हात लावण्याआधी धोके दूर करा. बॅटरी बाहेर काढा. टाक्यांतलं इंधन पूर्ण उतरवा. तळाशी साचलेल्या पाण्यात या रॉकेलजातीच्या इंधनावर जगणारी बुरशी वाढते आणि तिच्या आम्लानं टाकी आतून कुरतडली जाते. हायड्रॉलिकमधला नायट्रोजनचा दाब, ऑक्सिजनच्या बाटल्या आणि आग विझवणाऱ्या बाटल्यांवरचे स्फोटक सुरुंग जाणकार तंत्रज्ञाकडूनच निकामी करून घ्या. फ्रेंडशिपमध्ये चाकं आणि ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात, तिथे जास्त जपा. चाकाच्या दोन अर्धुकांचे बोल्ट टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय सैल करायचे नाहीत. यात माणसं दगावली आहेत. चाकांच्या पायांना लॉकच्या पिना घाला. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांत रेडियम असू शकतं, म्हणून त्या उघडू किंवा घासू नका. आतला हिरवट-पिवळा प्रायमर क्रोमेटचा असतो आणि त्याची धूळ विषारी असते. तो कोरडा घासायचा नाही, ओल्या पॉलिश पेपरनं आणि मास्क लावूनच.

आता जागा. रिकामी अ‍ॅव्हरोच सुमारे १२ टनांची, आणि त्यातला बहुतेक भार मागच्या दोन पायांवर. बेळगावच्या तांबड्या जमिनीत काँक्रीटचे चौथरे बसतात, पण गोकाक-अथणीकडच्या काळ्या मातीत तेच चौथरे पावसात उचलले जातात आणि उन्हाळ्यात खचतात. तिथे काळी माती काढून मुरूम ठोकून भरल्याशिवाय पाया घालू नका. टायर फुगवून वर्षानुवर्षं भार सोसत नाहीत, म्हणून ठरलेल्या जॅकच्या जागांवर लोखंडी घोडे (टेकू) लावून टायर जमिनीपासून थोडे उचला. घोडा आणि विमान यांत जाड रबर हवं. आणि हे विसरू नका: एकेक डार्ट इंजिन अर्ध्या टनाहून जड आहे. इंजिनं काढली की नाक हलकं होतं आणि विमान शेपटीवर बसतं. आधी शेपटीखाली टेकू, मगच इंजिनाला चेन.

पाण्याच्या वाटांना सर्वात जास्त वेळ द्या. पोटाखाली, पंखाच्या मागच्या कडेला, शेपटीच्या हलत्या भागांत खालच्या बाजूला बारीक भोकं असतात. कुंभारमाशी ती मातीनं बुजवते, किंवा रंगाऱ्याचा ब्रश बुजवतो. बांबूच्या काडीनं किंवा प्लॅस्टिकच्या नळीनं मोकळी करा. तारेनं केलीत तर भोकाच्या कडेवरचा संरक्षक थर खरवडला जातो आणि गंज तिथूनच धरतो. प्रत्येक भोकाचा नकाशा काढून ठेवा आणि वरून बाटलीभर पाणी ओतून ते खाली येतं का पाहा. इंजिनाची तोंडं, धुराडी आणि पिटो नळ्या (वेग मोजण्यासाठी हवा घेणाऱ्या) लाल बुचांनी बंद करा, मात्र बुचाला खालून जाळीचं छिद्र ठेवा. पूर्ण विमान ताडपत्रीत गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि उघड्यापेक्षा लवकर गंजतं. मैनांची घरटी काढाच, त्यांच्या विष्ठेखाली अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात.

गंज ओळखायला शिका. अ‍ॅल्युमिनियम तांबडं होत नाही. पांढरी-करडी भुकटी येते, रंगाखाली फोड धरतात. रिव्हेटच्या रांगेजवळ पत्रा पापुद्र्यांसारखा सुटत असेल तर गंज आतपर्यंत गेला आहे, तो भाग भाराला धरू नका. लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल अजिबात नको. तुटलेले कण धातूत रुततात आणि ओलाव्यात नवा गंज सुरू होतो. नायलॉनचा पॅड वापरा. बेळगावच्या उद्यमबागेत सहज मिळतात म्हणून साधे लोखंडी बोल्ट घालू नका. स्टेनलेस घ्या, तोही सीलंट लावून, ते ओलं असतानाच आवळा. इंजिनाच्या काही आवरणांत आणि चाकांत मॅग्नेशियम असतं. त्यावर ग्राइंडर चालवू नका. त्याचा भुगा पेटला तर पाण्यानं विझत नाही, भडकतो.

धुण्यासाठी १० लिटर पाण्यात १०० मिली सौम्य, अल्कली नसलेला साबण पुरतो. प्रेशर वॉशर नको, पाणी सांध्यात घुसतं. पत्रा गार असताना साबण खालून वर लावा आणि पाणी वरून खाली सोडा. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. पेट्रोल, थिनर, अमोनियाचा ग्लास क्लीनर लागला की बारीक तडे जातात आणि ते परत भरत नाहीत. आधी नुसतं पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ सुती कापड.

वर्षाचा क्रम नक्षत्रांवर बसवला की लक्षात राहतो. वळवाच्या वादळाआधी, मार्चअखेरीला, दोर आणि पंख्याचे बंध तपासा. मोकळा पंखा वाऱ्यानं तेलाविना फिरत राहतो आणि बेअरिंग घासतं. मिरगाआधी सगळी भोकं आणि सीलंट. हस्त सरला की दारं, झाकणं दिवसभर उघडून आतून वाळवा आणि पांढरी भुकटी शोधा. गळीत हंगामात कारखान्याजवळच्या विमानावर बगॅसची राख बसते आणि दवात ओलावा धरून ठेवते, म्हणून महिन्यातून एकदा तरी धुवा. नवा रंग द्यायचा असेल तर याच कोरड्या दिवसांत, गंज काढून, इपॉक्सी प्रायमरवर पॉलियुरेथेन. मात्र कुठेतरी हातभर जागेवर जुने थर तसेच ठेवा आणि त्यांचा रंगपट्टीसह फोटो घ्या. मूळ रंग आणि खुणा पुढे कुणाला तपासायच्या असतील तर पुरावा तेवढाच उरतो.