हिमयुगातल्या कादंबरीचा पुढचा भाग वाचून अभिप्राय कसा लिहावा

पुढच्या भागावरच्या अभिप्रायात तीन निरनिराळ्या तक्रारींचा काला होतो: माहिती चुकली, लेखकाने मोकळीक घेतली, मालिका लांबली. मग हाती उरतं ते एवढंच, 'पहिल्याची सर नाही.' म्हणून या तिघी वाचतानाच वेगळ्या करा. उदाहरणाला जीन ऑएल यांची सहा भागांची मालिका घेऊ. पहिला भाग १९८०चा, दुसरा 'द व्हॅली ऑफ हॉर्सेस' १९८२चा आणि शेवटचा २०११चा.

पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा. काही खटकलं की प्रकरण, पान, दोन शब्द आणि पुढे मा (माहिती), मो (मोकळीक) किंवा लां (लांबण). प्रकरण लिहायला विसरू नका, कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात. शंभर पानांना पाच-सहा नोंदी पुरेत. त्याहून जास्त झाल्या तर तुम्ही कादंबरी वाचत नाही, पेपर तपासताय.

'मा'च्या नोंदी तपासताना आधी प्रकाशनाचं साल बघा. सगळ्यात जास्त घसरतात ते इथेच. पहिल्या भागात निअँडरथल, म्हणजे आपल्याहून वेगळी, आता नामशेष झालेली मानवजात, मुख्यतः हातवाऱ्यांनी बोलतात. त्यांना बोलता येत असावं असं सुचवणारं घशातलं कंठास्थी हे हाड इस्रायलमधल्या कबारा गुहेत सापडलं ते १९८३ साली. तेव्हा 'लेखिकेला साधा अभ्यास नाही' असं लिहाल तर तो अन्याय होईल. 'पुढच्या शोधांनी हे चित्र बदललं' इतकं म्हणा. उलट निअँडरथल आणि आपण, या दोन मानवजातींचं मूल लेखिकेने १९८०मध्येच रंगवलं होतं, आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत निअँडरथलांचा थोडा जनुकीय वाटा आहे हे २०१०मध्ये जाहीर झालं. चूक दाखवता तशी ही दादही द्या.

'मो' जरा नाजूक. दुसऱ्या भागात मालिकेची नायिका आयला घोडीचं शिंगरू वाढवून तिच्यावर स्वार होते. कथेचा काळ सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीचा. घोडे पाळल्याचे जुन्यातले जुने पुरावे साडेपाच हजार वर्षांच्या आसपासचे, आणि त्यांवरही वाद. पण एकट्या मुलीने एक शिंगरू माणसाळवलं तर उत्खननात काय सापडणार? ही मोकळीक चालते. खरा आक्षेप निराळा आहे. घोडा तीच माणसाळवते, गारगोटीवर लोहमाक्षिक (लोखंड असलेला एक खनिज दगड) घासून विस्तवही तीच पाडते, आणि भाला लांब फेकायच्या दांड्याच्या शोधातही तिचा हात. तो दांडा पुरातत्त्वात मिळतो तो साडेसतरा हजार वर्षांपूर्वीचा. हजारो वर्षांचे शोध एकाच पोरीच्या पदरात टाकले की ती माणूस उरत नाही, प्रदर्शनातली खिडकी होते. हे लिहा, कारण हा दोष इतिहासाचा नाही, पात्ररचनेचा आहे.

'लां'साठी मोजदाद करा. पहिल्या शंभर पानांत मागच्या भागाची उजळणी किती? दहा पानांपर्यंत ठीक, तीसच्या पुढे गेली तर आकड्यासकट सांगा. शेवटच्या भागात औपचारिक ओळखी आणि त्या लोकांच्या आदिमातेचं गाणं पुन्हा पुन्हा येतं, यावर वाचक वैतागले ते उगाच नाही.

रसभंग टाळायला पहिल्या चतुर्थांशापलीकडची घटना सांगू नका. दुसऱ्या भागात आयलाचा एकांत आणि दोन भावांचा प्रवास आलटून पालटून चालतो आणि हे धागे बऱ्याच उशिरा जुळतात. एवढं सांगितलं तरी पुरे. कुठे, कसे, कोणाच्या बदल्यात ते नको. मागचा भाग न वाचता हा कळेल का, हे मात्र पहिल्याच परिच्छेदात सांगा. वाचक तेवढ्यासाठीच आलेला असतो.

शब्दही सांभाळा. या माणसांना 'आदिवासी' म्हणू नका. तो आज जगणाऱ्या समाजांचा शब्द आहे. 'गुहामानव'ही शक्यतो नको, कारण तो काळ जगलेली सगळीच माणसं गुहेत राहत नव्हती. 'हिमयुगातली माणसं' पुरेसं आहे.

लांबी साडेतीनशे ते पाचशे शब्द. तारे द्यायचेच असतील तर मागच्या भागाला किती दिले होते तेही शेजारी लिहा.