एक मागवलं, चार आले: फुकटच्या सॉफ्टवेअरमागून येणाऱ्यांचा बंदोबस्त

जूनमध्ये माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते. कराडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म असा माझा उद्योग. दोन वर्षांपूर्वी ऐन प्रवेशाच्या गर्दीत एका मुलीचा फॉर्म भरत होते. सगळं भरून झालं, फोटो चढवला, सही चढवली, सबमिटवर क्लिक करणार तेवढ्यात स्क्रीनच्या मधोमध खिडकी उघडली: नवीन आवृत्ती बसवत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका. खाली हिरवी पट्टी. ती पट्टी सरकेपर्यंत पोर्टलचं सेशन संपलं. मुलगी काही बोलली नाही, तिची आई मात्र म्हणाली, "ताई, मशीन जुनं झालंय का हो?"

मशीन चांगलं होतं. भरतीच्या फॉर्मना फोटो 50 केबीच्या आत लागतो, म्हणून माझ्या भाच्याने कुठूनसं एक फुकट टूल उतरवून ठेवलं होतं. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप अपडेट होण्याची टिक मी स्वतः काढली होती. तरी अपडेट झालंच, आणि पट्टी संपल्यावर डेस्कटॉपवर दोन नवे आयकॉन बसलेले: एक अनोळखी ब्राऊझर आणि एक अँटिव्हायरस.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून तिन्ही काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं, तर ब्राऊझर परत हजर. इथे मला पहिल्यांदा कळलं की आपण प्रोग्रॅम काढतो आणि त्याचा अपडेटर तसाच राहतो. तो वेगळा प्रोग्रॅम असतो, वेगळ्या फोल्डरमध्ये असतो आणि त्याला उठवायला एक गजर लावून ठेवलेला असतो. गजर काढला नाही तर बाकीची सगळी मेहनत वाया.

तुमच्या मशीनवर आत्ता असं काही असेल, तर मी जसं काढते तसं सांगते. सगळ्यात आधी इंटरनेट बंद करा. वायफाय असेल तर वायफाय, केबल असेल तर केबल काढा. नाहीतर तुम्ही एक काढेपर्यंत दुसरं खाली उतरतंय, असं होतं.

मग सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स. ही यादी नावाप्रमाणे लागलेली असते, तिला तारखेप्रमाणे लावा. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम होतं. नावं बघून काही कळत नाही, कारण नावं मुद्दाम भारदस्त ठेवलेली असतात: कुठलं तरी 'हेल्पर', कुठलं तरी 'सेफ वेब'. तारीख खोटं बोलत नाही. माझ्या यादीत त्या टूलच्या तारखेलाच आणखी तीन नावं होती. टूल धरून चौथं होतं हवामान दाखवणारं काहीतरी. मला वाटत होतं ते विंडोजचंच आहे. त्या दिवशी तुम्ही स्वतः बसवलेलं नाही ते सगळं एकेक करून काढा. काढताना खिडकी विचारते की खरंच जाताय का, थोडे दिवस बघा ना. आणि 'ठेवा' हे बटण निळं ठळक, 'काढा' हे फिक्कट. शांतपणे वाचून दाबा. अँटिव्हायरस सहजासहजी जात नाही. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर तो काढायचं वेगळं टूल मिळतं, तेच वापरावं लागतं.

आता तो गजर. स्टार्टमध्ये टास्क शेड्युलर शोधून उघडा आणि डावीकडे टास्क शेड्युलर लायब्ररीवर क्लिक करा. मधल्या भागात कामांची यादी येते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरून बंदच केलं होतं, कारण तिथे ओळखीचं काहीच नसतं. पण फक्त दोन गोष्टी बघायच्या. 'ट्रिगर्स' हा रकाना सांगतो की हे काम कधी होतं: लॉगिन झाल्यावर, रोज अमुक वाजता, दर तासाला. आणि कामावर क्लिक केल्यावर खाली 'ॲक्शन्स' हा टॅब दिसतो, त्यात कोणती फाइल चालवली जाते तिचा पूर्ण पत्ता असतो. माझ्याकडे एका कामाचा पत्ता प्रोग्रॅम फाइल्समध्ये नव्हता, तर युजरच्या ॲपडेटा नावाच्या, एरवी लपलेल्या फोल्डरमध्ये होता. तिथे बसायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, म्हणून असल्या पाहुण्यांना ती जागा फार आवडते. काही चांगले प्रोग्रॅमही तिथेच राहतात, तेव्हा नुसत्या पत्त्यावरून कुणाला चोर ठरवू नका. पण काढलेल्या टूलचं नाव त्या पत्त्यात दिसलं, तर उजवं क्लिक करून डिसेबल करा. मी आधी डिलीट करत असे. पण टूल ठेवायचं असेल आणि त्याचं काम नुसतं पुसलं, तर काही टूल पुढच्या वेळी उघडल्यावर ते परत तयार करतात. डिसेबल केलेलं माझ्याकडे तरी टिकलं आहे.

पडद्यामागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हिसेस. त्या बघायची सोपी युक्ती एमएस-कॉन्फिगमध्ये आहे, स्टार्टमध्ये msconfig शोधलं की ते उघडतं. तिथल्या सर्व्हिसेसच्या टॅबमध्ये खाली मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवा, अशी एक चौकट असते. ती टिक केली की दोनशेची यादी दहा-पंधरावर येते, आणि उरलेल्यांत प्रिंटर, ग्राफिक्स, साउंड सोडले की परके लगेच डोळ्यांत भरतात. ही टिक विसरून सगळं सरसकट बंद करू नका. एका काकांनी ते केलं आणि मशीन उचलून माझ्याकडे आणलं. टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप ॲप्स, म्हणजे मशीनसोबत आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी, हीही याच वेळी बघून घ्या.

ब्राऊझरमध्ये तीन ठिकाणी डोकवा: एक्स्टेन्शन्स, सर्च इंजिन कोणतं लागलंय, आणि कोणत्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिलीय. कोपऱ्यात येणाऱ्या 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस आहेत' या जाहिराती बऱ्याचदा या तिसऱ्या ठिकाणाहून येतात. एवढं करूनही काही चिवट उरलं तर मालवेअरबाइट्सचं ॲडडब्ल्यूक्लीनर चालवा. ते इन्स्टॉलही करावं लागत नाही, नुसती फाइल उघडायची. मात्र ते त्यांच्याच साइटवरून घ्या. साफसफाईच्या टूलच्या नावानेच बनावट टूल विकणारे काही कमी नाहीत.

मशीन बंद करून चालू करा, इंटरनेट जोडा आणि दुसऱ्या दिवशी ती तारखेची यादी परत एकदा बघा. काही परत आलं असेल तर एखादा गजर राहिलाय.

कधी कधी टूल चांगलं असतं, सवयीचं असतं, फक्त त्याचं सारखं अपडेट होणं नको असतं. त्यासाठी फायरवॉल आहे, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला इंटरनेटवर जाऊ द्यायचं ते ठरवणारा विंडोजचा पहारेकरी. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे आउटबाउंड रूल्स, न्यू रूल, प्रोग्रॅम, मग त्या अपडेटरची फाइल दाखवायची आणि 'ब्लॉक' म्हणायचं. तो उठतो, बाहेर जायला बघतो, दार बंद असतं. हे फक्त इंटरनेटशी देणंघेणं नसलेल्या टूलसाठी करा. ब्राऊझर, पीडीएफ रीडर आणि विंडोज यांची अपडेट अडवू नका, बाहेरून आलेल्या फाइल यांतच उघडतात. उलट झिप फाइल उघडणारा सेव्हन-झिपसारखा शहाणा प्रोग्रॅम स्वतःहून अपडेट होतच नाही. त्यात सुरक्षेची फट सापडली तरी नवी आवृत्ती आपल्यालाच आणून बसवावी लागते. मी दर दिवाळीच्या साफसफाईत ते करते.

अपडेटबद्दल एवढं तोलून बोलते, कारण सीक्लीनर या मशीनमधला कचरा साफ करणाऱ्या टूलचं प्रकरण. एके काळी प्रत्येक दुकानदार गिऱ्हाइकाच्या मशीनवर ते टाकायचा, मीही टाकायचे. जुलै 2017 मध्ये अव्हास्ट या अँटिव्हायरसवाल्या कंपनीने ते बनवणारी पिरिफॉर्म ही कंपनी घेतली. त्याच सप्टेंबरमध्ये उघड झालं की सीक्लीनरच्या 5.33 या आवृत्तीत कुणीतरी मालवेअर, म्हणजे घातकी प्रोग्रॅम, घुसवलं होतं. तेही अधिकृत साइटवरच्या, कंपनीची डिजिटल सही असलेल्या फाइलमध्ये. सुमारे 22 लाख 70 हजार मशीनवर ती आवृत्ती होती आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे अपडेट करणं. पुढच्या वर्षी अगदी उलटी तक्रार: ज्यांनी अपडेट बंद ठेवलं होतं, त्यांच्याही मशीनवर 5.46 आपोआप बसली. कंपनीने कायद्याच्या आणि प्रायव्हसीच्या गरजेचं कारण दिलं. जुलै 2020 मध्ये तर विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने सीक्लीनरच्या फुकट आवृत्तीचा इन्स्टॉलर 'नको असलेलं असू शकेल' अशा यादीत टाकला, कारण सोबत दुसरी सॉफ्टवेअर येत होती. म्हणून मी आता कुणाच्या नावावर विसंबत नाही. मालक बदलला की चांगलं टूलही बदलतं.

हे असं का करतात, याचं उत्तर साधं आहे. फुकट टूलवाल्याला दुसऱ्याचं सॉफ्टवेअर तुमच्या मशीनवर बसवल्याबद्दल दर इन्स्टॉलमागे पैसे मिळतात. त्यामुळे त्याचा खरा माल म्हणजे तुमचं 'नेक्स्ट' दाबणं.

ते दाबण्याआधी काय बघायचं, तर इन्स्टॉल करताना 'एक्सप्रेस' किंवा 'रेकमेंडेड' कधीच घेऊ नका. 'कस्टम' किंवा 'ॲडव्हान्स्ड' घ्या. ते अक्षर कधी इतकं फिकं असतं की बंद पडलेलं वाटतं, पण क्लिक होतं. मग येते ती गंमत: एक पान, अगदी करारासारखं, खाली 'ॲक्सेप्ट' आणि 'डिक्लाइन'. माणसाला वाटतं डिक्लाइन दाबलं तर आपलं टूलच बसणार नाही. वरची ओळ वाचा. तिथे दुसऱ्याच सॉफ्टवेअरचं नाव असेल, तर डिक्लाइन दाबूनही तुमचं काम पुढे जातं. असं एक पान गेलं की हुश्श करू नका, अनेकदा लगेच दुसरं येतं, आणि त्याच्यावर बटणांच्या जागा उलट असतात. आधीच टिक केलेल्या चौकटी, 'मला हे नको असं मी म्हणत नाही' अशी वाक्यं, सगळं तिथेच भेटतं.

भारतात याला आता नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्न्सविरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून हवं ते बटण दाबायला लावणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 13 प्रकार दिलेत. गोंधळात टाकणारा प्रश्न, जबरदस्तीची कृती, खोटी व्हायरसची भीती हे सगळे त्यात आहेत. 'ड्रायव्हर अपडेट' करून देतो म्हणून कुणी दरवर्षी आपोआप पैसे कापायला लागलं, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

टूल घेताना बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. सर्चमधला पहिला निकाल बऱ्याचदा जाहिरात असतो. डाउनलोडच्या साइट तर मालकागणिक बदलतात: 2015 मध्ये सोर्सफोर्जने गिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅमचं विंडोजचं खातं ताब्यात घेऊन जाहिरातीवाला इन्स्टॉलर लावला होता. 2016 मध्ये नव्या मालकाने तो प्रकार बंद केला.

विंडोजमध्येही एक कडी आहे, ती लावून ठेवा. विंडोज सिक्युरिटी, ॲप अँड ब्राऊझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज, तिथे 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग'. त्याखालच्या दोन्ही चौकटी टिक करा. डाउनलोड अडवणारी चौकट फक्त एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राऊझरमध्ये चालते. आणि दुसरा अँटिव्हायरस येऊन बसला की डिफेंडर बाजूला होतो, मग ॲप अडवायचं त्याचं कामही थांबतं. फुकट सोबत आलेला अँटिव्हायरस मला सगळ्यात जास्त का खटकतो, ते यावरून कळेल. घरात मुलं असतील तर त्यांना ॲडमिन नसलेलं वेगळं खातं करून द्या. ॲपडेटात बसणारं त्याने अडत नाही, पण बाकी पुष्कळ अडतं.

आणि मुळात टूल लागतंय का? तात्पुरत्या फाइल पुसायला विंडोजमध्येच स्टोरेज सेन्स आहे. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग साठवायची जागा, साफ करून मशीन पळायला लागलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पीडीएफ करायला प्रिंटमध्येच 'प्रिंट टू पीडीएफ' आहे. मराठी टायपिंगसाठी विंडोज 10 च्या 2019 पासूनच्या आवृत्त्यांत मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो, भाषेच्या सेटिंगमधून जोडायचा. स्कॅन केलेली पानं आणि पीडीएफ एकत्र जोडायला मी नॅप्स-टू वापरते. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि अजून तरी त्याने सोबत कुणाला आणलेलं नाही.

राहिला 50 केबीचा फोटो, ज्याच्यापायी हे सगळं झालं. फोटो विंडोजच्याच फोटोज ॲपमध्ये उघडा, वरच्या तीन टिंबांवर क्लिक करा, 'रिसाइझ इमेज' घ्या. तिथे पिक्सेल कमी करता येतात आणि क्वालिटीची एक दांडी सरकवता येते. ती सरकवाल तशी नवी फाइल किती केबीची होईल ते खाली दिसतं. माझ्या भाच्याला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हे इथेच होतं?" त्या मुलीचा फॉर्म, तो अडला होता त्याच दिवशी, संध्याकाळी सहाला भरून झाला. तिची आई मात्र अजून विचारते, मशीन नवीन घेतलं का म्हणून.