मेमध्येच घालायची मालगाडीची वही

जून लागायच्या आत डिस्पॅचच्या टेबलावर एक शंभरपानी वही आणून ठेवावी. एक्सेलही चालेल, पण आमच्या गोव्यातल्या वेर्ण्यात पावसात वीज गेली की वहीच कामाला येते. दर कंटेनरमागे पाच वेळा टिपायच्या: ट्रेलर फॅक्टरीतून कधी सुटला, बाळ्ळीच्या रेल्वे यार्डात कधी शिरला, डबा (म्हणजे कंटेनर) रेकवर, म्हणजे मालगाडीच्या वाघिणींच्या रांगेवर, कधी चढला, रेक कधी हलला आणि डबा न्हावाशेवा बंदराच्या गेटात कधी पोचला. ‘पोचला’ एवढाच शेरा नको, तास-मिनिटे हवीत. आमच्या नोंदींत सगळ्यात जास्त वेळ डबा चढायची वाट बघण्यात गेलेला निघाला. तोवर आम्ही गाडीच्या नावाने बोटे मोडत होतो.

कंटेनर नंबरात चार अक्षरे आणि सात आकडे. सातवा आकडा आधीच्यांवरून हिशेबाने निघतो, त्यामुळे लिहिताना झालेली चूक बहुतेक वेळा पकडता येते. पण ताळा करतो कोण? ड्रायव्हरने फोनवर ‘एकोणसाठ’ सांगितले, आमच्या पोराने एकोणसत्तर लिहिले आणि दीड दिवस आम्ही भलताच डबा शोधला. आता आकडे सुटे सांगायचे, पाच, नऊ, आणि सीलचा फोटो सोबत. एजंटाकडून रेकचा एफएनआर नंबरही मागून घ्यावा. तो टाकला की रेल्वेच्या मालवाहतुकीच्या एफओआयएस या संगणक यंत्रणेवर रेक कुठे उभा आहे ते दिसते.

मग पाऊस. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक 2025 साली 15 जून ते 20 ऑक्टोबर होते. त्या दिवसांत गाड्यांचा वेग कमी असतो. उन्हाळ्यातल्या नोंदींवर ऑगस्टचे बुकिंग करू नये, पावसाळ्याची पाने वेगळी ठेवावीत. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस तर आणखी वेगळे. मार्ग बहुतेक एकेरी, त्यावर मुंबईहून भरभरून येणाऱ्या जादा गाड्या, मग मालगाडी कुठेतरी लूपवर, बाजूच्या रुळावर, थांबणारच. माणसे आधी, डबे मागून. तक्रार नाही, पण तारीख धरताना हे धरावे.

जुलै 2024 मध्ये कोकण रेल्वेच्या पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूक अडली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेवर, घाटात दूधसागरजवळ मालगाडी घसरली. तो घाट तसाही 1:37 चढाचा, मागून ढकलणारी बँकर इंजिने लावूनच चढायचा. दोन्ही वाटा अडल्या तर उरते सडक, म्हणून ट्रेलरचा भाव मेमध्येच बोलून ठेवावा.

रिकामा डबा किती दिवस फुकट ठेवता येतो आणि बंदराच्या गेटाची शेवटची वेळ काय, हे दर बुकिंगला नव्याने विचारावे. गिऱ्हाइकाला सरासरीची तारीख देऊ नये. दहांतले नऊ डबे ज्या दिवसापर्यंत पोचले, तो दिवस सांगावा.

वहीच्या शेवटच्या पानावर यार्डातल्या रात्रपाळीच्या माणसाचा नंबर. दिवसपाळीचा सगळ्यांकडे असतो.