पावसाळा सरताना घोड्याच्या खुरात होणारे गळू : ओळख, निचरा आणि विश्रांती

भाद्रपद उतरू लागला की माथेरान, महाबळेश्वर आणि पाचगणी येथील घोडेवाल्यांना दिवाळीच्या गर्दीचे वेध लागतात. भीमथडी घोड्यांवर बिऱ्हाड लादून दिवाळीनंतर पठारावरून कोकणाकडे उतरणारे मेंढपाळ तयारीला लागतात, आणि दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी जनावरे सजवण्याची सुरुवातही याच काळात होते. नेमक्या याच दिवसांत, काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालणारा घोडा सकाळी ठाणावर तीन पायांवर उभा असलेला दिसतो. अशा वेळी हाड मोडले असावे, ही भीती सर्वप्रथम मनात येते आणि ती अनाठायी नसते. परंतु अचानक आलेल्या तीव्र लंगडेपणाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण खुरातील गळू हे आहे, आणि वेळेवर योग्य उपचार झाल्यास बहुतेक घोडे त्यातून पूर्णपणे बरे होतात.

चार महिने चिखलात, ओल्या लिदीत आणि सतत भिजलेल्या जमिनीवर उभे राहिल्याने खूर पाणी शोषून मऊ पडते. पुढे ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की तेच खूर झपाट्याने वाळते आणि त्याला बारीक चिरा जातात. तळवा आणि खुराची भिंत जिथे जुळतात तिथे फिकट रंगाची एक रेषा असते. तिला पांढरी रेषा म्हणतात. हा सांधा सैल झाला की त्यातून बारीक खडे, माती आणि त्यांबरोबर जंतू आत शिरतात. माथेरानच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर तळव्याला बसणारा मुका मार, नाल ठोकताना जिवंत भागाच्या फार जवळून गेलेला खिळा, किंवा रुतलेला काटा आणि काच यांमुळेही आत पू धरतो. शरीरावर इतरत्र गळू झाले तर कातडी ताणली जाते व सूज बाहेर दिसते. खुराचे कवच मात्र कठीण असल्यामुळे ते तसूभरही फुगत नाही, म्हणून साठलेल्या पुवाचा सगळा दाब आतील संवेदनशील भागावर येतो. चमचाभर पू असतानाही घोडा पाय टेकवू शकत नाही, तो यामुळेच.

ओळख पटवण्यासाठी दोन्ही पुढचे किंवा दोन्ही मागचे खूर हाताने चाचपून त्यांच्या तापमानाची तुलना करावी. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटे हलकेच टेकवून नाडी पाहावी. निरोगी पायात ती जेमतेम लागते, तर गळू झालेल्या पायात ती ठळकपणे उडताना जाणवते. त्यानंतर खूर उचलून ब्रशने व पाण्याने स्वच्छ धुवावे आणि खुराच्या चिमट्याने थोडे थोडे दाबत पुढे जावे. ज्या ठिकाणी घोडा पाय झटकून ओढून घेतो, तिथे पू असण्याची शक्यता अधिक असते. अलीकडेच नाल बसवली असेल तर ती एकदम उपटून न काढता एकेक खिळा वेगळा काढावा आणि प्रत्येक खिळ्याचे टोक ओले किंवा दुर्गंधीयुक्त आहे का, हे पाहावे. गळू काही दिवसांचे झाले असेल तर पायाला गुडघ्याखाली सूजही येते, आणि मग दुखणे खुरात असताना उपचार मात्र स्नायूंवर व कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) होत राहतात. लंगडेपणाचे कारण वर कुठेही दिसत असले, तरी खूर तपासल्याशिवाय निदान पूर्ण मानू नये.

तळव्यात खिळा रुतलेला आढळला, विशेषतः तळव्याच्या मधोमध असणाऱ्या त्रिकोणी, मऊ भागात तो असेल, तर तो घाईने उपटू नये. त्याच्या आत सांधा आणि कंडरांचे आवरण असल्याने जंतू तिथपर्यंत पोहोचले की घोडा कायमचा निकामी होण्याचा धोका असतो. खिळा जागेवर असताना क्ष-किरण चित्र काढले तर तो किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला आहे, हे डॉक्टरांना समजते. तोवर खिळा आणखी आत जाणार नाही अशा रीतीने खुराला दोन्ही बाजूंनी जाड आधार बांधावा आणि घोड्याला चालवू नये. तो काढणे अगदीच अपरिहार्य झाले, तर नेमकी जागा, दिशा आणि खोली लिहून ठेवावी व खिळा जपून ठेवावा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

खुरातील गळवाचा खरा उपचार एकच आहे, तो म्हणजे पुवाला खालून वाट करून देणे. तळव्यावर दिसणारा काळा ठिपका किंवा रेघ धरून पशुवैद्यक अथवा अनुभवी नालबंद अणकुचीदार सुरीने हलके हलके कोरत जातो. वाट मोकळी झाली की राखाडी किंवा काळपट, उग्र वासाचा द्रव बाहेर येतो आणि बऱ्याचदा एका दिवसातच घोडा पाय टेकू लागतो. हे छिद्र पेन्सिलीच्या जाडीएवढे असले तरी पुरते. अर्धा तळवा कोरून काढल्यास आतील जिवंत भाग बाहेर ओघळतो आणि आठवड्याचे दुखणे महिन्यांवर जाते. रक्त दिसू लागले की कोरणे तत्काळ थांबवावे. पू सापडत नसेल तर आंधळेपणाने खोल जाण्यापेक्षा एक-दोन दिवस शेक आणि पोटीस करून तळवा मऊ होऊ द्यावा व नंतर पुन्हा तपासावे.

शेकासाठी पाच लिटर कोमट पाण्यात एप्सम मिठाच्या (मॅग्नेशियम सल्फेटच्या) दोन वाट्या विरघळवाव्यात आणि खूर त्यात वीस मिनिटे, दिवसातून दोनदा बुडवून ठेवावे. पाणी आपला हात सहज राहील इतकेच ऊन असावे. शेतात फवारणीसाठी आणलेले मॅग्नेशियम सल्फेट यासाठी वापरू नये. औषधाच्या दुकानातील शुद्ध मीठ घ्यावे. शेकानंतर खूर कोरडे करून छिद्रावर पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठेवावा, त्यावर कापसाचा जाड थर किंवा लहान मुलांचा डायपर गुंडाळावा आणि बाहेरून रुंद चिकटपट्टीचे थर द्यावेत. चिकटपट्टी खुराच्या वरच्या केसाळ कडेवर आवळली जाणार नाही, याकडे काटेकोर लक्ष द्यावे, कारण तिथे रक्तप्रवाह अडला तर नवीच जखम होते. पट्टी रोज बदलावी. ती ओली झाली तर लगेच बदलावी. दोन-तीन दिवसांत निचरा थांबला की शेकही थांबवावा, कारण त्यापुढे भिजवत राहिल्यास तळवा पुन्हा मऊ पडून नव्या गळवाला वाट मिळते. या टप्प्यापासून खुराला कोरडेपणा लागतो. छिद्रात मोरचूद, आम्ल किंवा उकळते तेल ओतणे आणि पायाला डाग देणे हे प्रकार जनावराला असह्य वेदना देतात व जिवंत पेशी जाळतात. ते पूर्णपणे टाळावेत.

धनुर्वाताच्या बाबतीत कसलीही सवलत नाही. हा रोग घोड्याला इतर पाळीव जनावरांपेक्षा सहज होतो, त्याचे जंतू लिदीत व मातीत असतात आणि खुरातील बंद, हवा नसलेली जखम त्यांच्या वाढीस अत्यंत अनुकूल असते. लस केव्हा दिली याची नोंद नसेल तर ती दिलेलीच नाही असे समजून डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. प्रतिजैविके प्रत्येक गळवाला लागत नाहीत. संसर्ग खोल असेल, ताप असेल किंवा सूज वर चढत असेल तर डॉक्टर ती ठरवतात. वेदनाशामक औषधही त्यांच्याच सल्ल्याने द्यावे. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांचा मोठ्या प्रमाणावर नाश झाल्याने जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ पासून बंदी आहे, त्यामुळे कुणी ते सुचवले तरी वापरू नये. याहून गंभीर बाब अशी की, हंगामाचा दिवस बुडू नये म्हणून सुई टोचून घोडा फेरीला काढला जातो. रोजच्या कमाईवर घर चालणाऱ्या माणसाची अडचण खरी आहे. तरीही वेदना दबली म्हणून पू जात नाही, उलट तो वजनाखाली आत पसरत राहतो, आणि चार दिवस वाचवण्याच्या नादात संपूर्ण हंगाम हातचा जातो.

विश्रांतीच्या काळात घोड्याला कोरड्या, जाड अंथरुणावर ठेवावे, चंदी (धान्याचा खुराक) निम्म्याहून कमी करावी व वाळलेला चारा आणि पाणी भरपूर द्यावे. दुखरा पाय उचलून धरल्याने जोडीच्या दुसऱ्या पायावर जास्त भार येतो. म्हणून त्या खुराचीही ऊब व नाडी रोज तपासावी. निचरा होऊनही ४८ तासांत आराम पडला नाही, किंवा त्याच खुरात वारंवार गळू होऊ लागले, तर खुराच्या आतील हाडाचा संसर्ग अथवा खुराच्या आतील थरांची जुनी सूज यांची शक्यता गृहीत धरून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

छिद्र कोरडे होऊन त्याचा तळ टणक झाल्यावर आणि घोडा कडक जमिनीवर सरळ चालू लागल्यावरच नाल बसवावी. सुरुवातीचे काही दिवस ओझ्याविना, सपाट वाटेवर चालवावे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पर्यटकाचे वजन आणि उताराची वाट या दोन्ही गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

काही वेळा खाली वाट न मिळाल्याने पू पांढऱ्या रेषेतून वर चढतो व केसाळ कडेपाशी फुटतो. घोड्याला त्याने लगेच आराम पडतो, पण भिंतीवर आडवी चीर राहते. खुराची भिंत महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढते, त्यामुळे ही चीर पुढच्या बाजूस जमिनीपर्यंत उतरायला सुमारे वर्ष लागते, टाचेकडे त्याहून कमी. ती खाली सरकत असताना त्या जागेची भिंत पोकळ व ठिसूळ असते, म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी होणाऱ्या प्रत्येक नालबंदीच्या वेळी नालबंदाला ती दाखवावी आणि तिथे खिळा मारू देऊ नये.