खेकड्याची नांगी, फोर्स सेन्सर आणि माझे वाया गेलेले तीन आठवडे

खेकड्यांवर प्रोजेक्ट घेतला तेव्हा वाटलेलं सोप्पंय, मोठा खेकडा म्हणजे जास्त जोर, कवचाची रुंदी मोजायची, नांगीत सेन्सर द्यायचा, ग्राफ काढला की झालं. पहिले तीन आठवडे यातच गेले, म्हणून नवीन येणाऱ्यांसाठी लिहितेय.

जोर वाढतो हे खरंय. ओकिनावातल्या नारळ खेकड्यांवरचा २०१६चा अभ्यास शोधून वाचाच, २९ खेकडे, ३३ ग्रॅमपासून दोन किलोच्या वरपर्यंत, आणि सगळ्यात जबरदस्त पकड १७६५ न्यूटन! पण स्नायूचा जोर ठरतो त्याच्या आडव्या छेदावर, त्यामुळे ठेवण तीच ठेवून रुंदी दुप्पट झाली तर जोर साधारण चौपट आणि वजन मात्र आठपट, म्हणजे वजनाच्या हिशोबाने मोठा गडीच उलट कमी पडतो. ग्राफ लॉग-लॉगच काढा, म्हणजे दोन्ही अक्षांवर लॉगची मापं, नाहीतर हे दिसतच नाही.

माझा घोळ वेगळाच. बऱ्याच जातींत दोन नांग्या सारख्या नसतात, एक जाड फोडणारी, दुसरी बारीक कापणारी, आणि मी जी चावेल तिचा आकडा लिहीत गेले. त्यात आमच्या टाकीतला सगळ्यात मोठा नर, जोर जवळपास शून्य! सेन्सर बिघडला म्हणून अर्धा दिवस वायरी तपासल्या, मग सहज कवच दाबून बघितलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखं दबलं. नुकतीच कात टाकलेली. कात टाकायच्या आधी नांगीतला स्नायू आटतो, नाहीतर एवढी नांगी अरुंद सांध्यातून बाहेर येणार कशी, आणि तो परत भरायला वेळ लागतो. तेव्हा रुंदीच्या आधी कवचाचा कडकपणा लिहा.

दमाचं अजून निराळं. ट्रेडमिलवर सगळ्यांना एकच स्पीड दिला तर छोटा बिचारा जीव खाऊन पळतो आणि मोठा आरामात चालतो, मग तुलना कसली करताय? मध्ये विश्रांती दिली तर अजून गंमत, घोस्ट क्रॅब (किनाऱ्यावरच्या वाळूत राहणारा खेकडा) थांबत थांबत पळाला तर एकूण अंतर जास्त कापतो, त्यामुळे किती वेळ पळाला, किती थांबला दोन्ही लिहायचं.

आणि उचलताना मागून, कवचाला धरा. मी एकदा घाईत नांगीला धरून उचलला, नांगी माझ्या हातात आणि खेकडा परत टाकीत.