तारकर्ली-देवबागला काइटसर्फिंग: आधी तिथी, मग वारा

कोकणात काइटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने फळीवरून पाण्यावर सरकण्याचा, हंगाम फेब्रुवारी ते मे. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून दर्यात ओढून नेतो, त्यात उतरूच नये. दुपारी एक-दीडनंतर वायव्येचा खारा वारा धरतो, बहुतेक दिवशी १० ते १५ नॉट्स (ताशी सागरी मैल). पावसाळ्यात हा दर्या काइटसाठी नाही.

वारा ॲपवर दिसतो. वाळू किती उरेल ते तिथी सांगते. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. म्हणजे पंचमी ते अष्टमी ऐन खेळायच्या वेळी पाणी वर येतं आणि मागे सुरूचं बन. काइटच्या दोऱ्या, म्हणजे लाइन्स, २२-२४ मीटरच्या असतात. वाऱ्याखाली, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, ५० मीटर मोकळी वाळू नसेल तर काइट उचलू नका. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी ओहोटी लागते, पुळण (किनाऱ्याची वाळू) रुंद होते, पण उधाणाचं पाणी कर्ली खाडीच्या मुखातून जोरात बाहेर जातं. आमच्या मते एकादशी ते त्रयोदशी उत्तम: दोन ते चारच्या दरम्यान सुकती (पूर्ण ओहोटी), नंतर पाणी भरत येतं.

काइटचा आकार काढायला वजन गुणिले २.२ भागिले नॉट्स. ७० किलो आणि १२ नॉट्सला साधारण १३ चौरस मीटर. बोर्ड १४० सेंटिमीटरच्या पुढचा, रुंद घ्या.

वारा तिरका किनाऱ्याकडे येतो, त्यामुळे चूक झाली की तुम्ही दक्षिणेला, देवबागला कर्ली खाडीच्या मुखाकडे सरकता. म्हणून तारकर्लीच्या बाजूने सुरुवात करा आणि मुखाच्या किमान एक किलोमीटर आधी बाहेर पडायची खूण, एखादं घर किंवा माड, निघण्यापूर्वीच ठरवा. दर्यात जाताना उजवा पाय पुढे, काइट दीड वाजताच्या जागी (डोक्यावर बारा धरून, घड्याळाच्या काट्यासारखी). परतताना डावा पाय पुढे, काइट साडेदहाला. वाऱ्यावर चढण, म्हणजे वारा येतो त्या बाजूला सरकणं, मिळते ती परतीच्या फेरीत. तिथे घाई केली की सगळं गमावतं.

हलक्या वाऱ्यात चढता न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बार (लाइन्स जोडलेला हातातला दांडा) पोटाशी ओढून धरणं. काइटची मागची कड ओढली जाते, ती पुढे उडायची थांबते आणि मागे पडते. बार थोडा सोडा, काइट पुढे सरकू द्या, बोर्ड सपाट ठेवून वेग घ्या आणि मगच टाचेवर भार देऊन बोर्डाची कड पाण्यात लावा. नजर वारा येतो त्या दिशेला, बोर्डाकडे नाही.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली दिसली तर दोरापासून लांबून जा. दोर पाण्याखाली बराच आत गेलेला असतो.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बाहेर या, वारा अचानक बसतो. पाण्यातच बसला तर चिकन लूप (बारला कमरेच्या पट्ट्याशी जोडणारी कडी) सोडा, सेफ्टी लाइन (सुटलेली काइट धरून ठेवणारी दोरी) धरत बारपर्यंत या आणि आधी ती एकटीच बारवर गुंडाळा. सगळ्या लाइन्स एकदम गुंडाळल्या तर काइट पुन्हा ताकद धरते. हाताभोवती लाइन कधीच नाही. काइट निपचित पडली की बाकीच्या गुंडाळा, तिच्यापर्यंत पोहोचा, टोक धरून तिचं शीड करा. उरलासुरला वायव्येचा वारा किनाऱ्याकडेच आणतो.